लोहाराचा घेवडाभात

"हे ताट परत न्या, वहिनी. आबा हात लावत नाहीत."

"मग तुम्ही लावा! तुमच्या पोटात काय निखारे भरलेत?" शेजारची कुंभारीण दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अठ्ठावीस दिवस रांधून आणतेय मी. एका शब्दानं कुणी बरं म्हटलं नाही, वाईट म्हटलं नाही. दगडापुढं ताट ठेवलं तरी त्याला मुंग्या लागतात हो!"

ताट तिच्या हातात देऊन लोहार परत भट्टीपाशी जाऊन बसला.

बायको गेल्यापासून त्याचं असंच चाललं होतं. कापणी तोंडावर आली असताना तिला ताप भरला, नवव्या दिवशी ती गेली. त्यानं भट्टी एक दिवस बंद ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे पेटवली ती पेटवलीच. पिकं वाळून खडखडत होती, जमिनीला बोटबोट भेगा पडल्या होत्या, वारा सुटला की अंगणात धूळ आणि भुसा. सगळ्या गावाला विळे हवे होते. लोक यायचे, दोन शब्द बोलायचे, विळा ठेवून जायचे. तो मान हलवायचा. रडला नाही. आतलं सगळं कुणीतरी उचलून नेल्यासारखं झालं होतं, तर रडणार कशानं?

घरात तो आणि त्याचा बाप, दोघंच. म्हाताऱ्याचं स्मरण उतरणीला लागलेलं. सून गेली हे त्याला दोनदा सांगून झालं होतं. दोन्ही वेळा त्यानं मान डोलावली आणि संध्याकाळी पुन्हा आत तोंड करून हाक मारली, "सूनबाई, घेवडाभात टाक गं!" तिसऱ्यांदा लोहारानं सांगितलंच नाही.

आता तीन दिवस झाले, म्हातारा नुसत्या पाण्यावर होता. खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी! कुंभारणीनं घेवडाभातही करून पाहिला. म्हाताऱ्यानं वास घेतला आणि ताट सरकवलं.

"भावजी," कुंभारीण अजून गेली नव्हती. तिचा आवाज खाली आला. "त्यांचे पाय बघितलेत का? काटक्या झाल्यात. आणखी चार दिवस काढतील असं मला वाटत नाही. तुम्हीच करून बघा. ती घेवडाभात कसा करायची ते तुम्ही तरी पाहिलंय."

"मला येत नाही."

"जन्मभर भाता ओढलात आणि भात येत नाही?"

एरवी तो हसला असता. त्यानं हातोडा खाली ठेवला आणि उठला.

आत गेला तेव्हा त्याला कळलं की बावीस वर्षं संसार करूनही हे घर त्याला माहीत नव्हतं. डबे सगळे सारखे. एकात मिरच्या, एकात बिया, एकात तिच्या मोडक्या बांगड्या. मीठ सापडायला सहा झाकणं उघडावी लागली. तांबडा घेवडा मडक्यात होता. त्यानं दोन मुठी घेतला, तांदूळ घेतले, कांदा चिरला, सगळं एकदम पातेल्यात लोटून चूल पेटवली. आणि सवयीनं फुंकणी तोंडाला लावून असा जाळ केला, की पातेलं चहूकडून काळं झालं.

धूर बघून कुंभारीण धावत आली तोवर भात तळाला लागला होता. वर घेवडा कवड्यांसारखा टणक. तेच त्यानं म्हाताऱ्यापुढं ठेवलं. म्हाताऱ्यानं एक दाणा तोंडात घातला, इकडून तिकडे फिरवला, काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला.

"अहो, लोखंडाला जाळ लागतो, भाताला धग," कुंभारीण कपाळाला हात लावून म्हणाली. "माझी मडकी अशी भाजली तर एक धड निघायचं नाही. आणि घेवडा भिजवलात कुठं?"

"भिजवायचा असतो?"

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसून हळूच म्हणाली, "संध्याकाळी भिजत घाला. सकाळी आधी तेवढाच शिजवा. त्याचं तांबडं पाणी टाकू नका, त्यातच तांदूळ शिजवायचे. कांदा वेगळा परता, चांगला तपकिरी होऊ द्या. पुढचं मला ठाऊक नाही. ती काहीतरी वेगळं करायची, कधी सांगितलं नाही तिनं."

त्या संध्याकाळी त्यानं घेवडा भिजत घातला. सकाळी भट्टी पेटवली नाही. चुलीपुढं बसला आणि एक एक लाकूड मागं ओढत धग धरली. दाणा बोटात दाबून बघितला, पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा तो लोण्यासारखा फुटला. वाफेनं बोट भाजलं, ते त्याला नंतर फोड दिसला तेव्हा कळलं.

कांदा लाल होत आला तेव्हा त्याचा हात आपसूक लसणाकडं गेला. सोललेला नाही, सालासकट. ती आख्ख्या पाकळ्या निखाऱ्यात टाकायची, काळ्या झाल्या की ठेचून भातात. भट्टीवरून त्याला रोज तो वास यायचा आणि तो हातपाय धुवायला उठायचा. हे आपल्याला माहीत आहे, हेच त्याला माहीत नव्हतं.

लसूण तसाच भाजून ठेचला, तांदूळ घातले. झाकणावर चार निखारे ठेवले. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. एक शीत चेपून त्यानं पातेलं उतरवलं.

म्हाताऱ्याला भिंतीशी टेकवून बसवलं. पहिला घास त्यानं बराच वेळ तोंडात घोळवला.

"हे तिच्या हातचं नाही."

"नाही, आबा. मी केलाय."

"ती गेली ना?"

"गेली."

"कधी?"

"महिना होत आला."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगितलं होतं, आबा."

म्हाताऱ्याचा बिनदाताचा जबडा हलत होता, डोळ्यांतलं पाणी सुरकुत्यांतून वाट काढत हनुवटीपर्यंत आलं. त्यानं ते पुसलं नाही. लोहार बघत बसला. बाप रडतोय हे दिसत होतं; स्वतःचे डोळे मात्र कोरडे ठणठणीत.

"मीठ कमी आहे," म्हातारा शेवटी म्हणाला. "अजून वाढ."

दोनदा वाढलं. तिसऱ्यांदा त्यानं हात आडवा धरला आणि पातेल्याकडं बोट दाखवलं, "तू?"

लोहारानं ताट घेतलं नाही. पातेलंच पुढं ओढलं आणि तळाची खरवड नखानं सोडवून खाऊ लागला. चव लागत होती की नाही, ते त्याला सांगता आलं नसतं. पण घास गिळला जात होता, आणि एका घासानंतर दुसरा घ्यावासा वाटत होता.

बाहेरून कुणी शेतकरी ओरडला, "अहो लोहारदादा! भट्टी थंड कशी आज? माणसं रानात खोळंबलीत, विळा द्या माझा!"

"जेवतोय," लोहार आतून म्हणाला. "बसा जरा."