टाक्यांची टोकं

लोणीदादांच्या सलूनला रीतसर पाटी होती, पण ती वाचायचे कष्ट कोणी घेत नसे. ‘लोणीकडे जाऊन येतो’ म्हटलं की सगळ्या गल्लीला कळायचं. हे नाव पडायचं कारण साधं होतं. त्यांचा वस्तरा गालावरून असा उतरायचा, की दाढी झाल्याचं गिऱ्हाइकाला आरशात बघूनच समजायचं. आजवर त्यांनी कोणाला कापलं नव्हतं. निदान कापल्याचं कोणी सिद्ध केलं नव्हतं, आणि नावलौकिकाला तेवढं पुरतं.

अशा माणसाचा स्वतःचा गाल भर दुकानात, दिवसाढवळ्या फाटला.

त्या वेळी खुर्चीत मास्तर होते. मास्तर निवृत्त होते, पण फक्त शाळेतून. त्यांच्या हनुवटीवर एक चामखीळ होती आणि तिला वळसा घालून जाणं लोणीदादांखेरीज कोणाला जमत नसे. एका गालाची दाढी झाली होती, दुसऱ्यावर फेस होता. तेवढ्यात बाकावर वाट बघत बसलेल्या एकाने वर्तमानपत्रातली पाणीपट्टीची बातमी मोठ्याने वाचली. मास्तरांना ती पटली नाही. न पटलेली गोष्ट बसून खोडून काढायची सवय त्यांना नव्हती. उभ्याने शिकवण्यात जन्म गेलेला. ते उठले आणि उठताना आरशाखालच्या काचेच्या फळीवर सगळा भार टाकला. ती फळी कंगवे आणि पावडरचे डबे यांच्या बेताने बसवलेली होती, गणिताच्या मास्तरांच्या बेताने नव्हे. ती मधोमध तुटली. अत्तराची बाटली पडतेय असं पाहून लोणीदादा खाली झेपावले. बाटली वाचली. ब्रॅकेटमध्ये उरलेल्या काचेने मात्र त्यांचा उजवा गाल डोळ्याखालून जबड्यापर्यंत उघडला.

लोणीदादांनी आधी तुरटी लावली. आयुष्यभर त्यांनी तुरटीवर जेवढा विश्वास ठेवला होता तेवढा सख्ख्या भावावर ठेवला नव्हता. तुरटी लालभडक झाली, पण रक्त थांबलं नाही. मग त्यांनी दाढीनंतर लावायचं झोंबरं पाणी ओतलं आणि जागच्या जागी दोन उड्या मारल्या.

“लोणी, दवाखान्यात चल,” मास्तर म्हणाले.

“तुमचा एक गाल राहिलाय मास्तर.”

“तुझाही एकच राहिलाय. चल!”

रस्त्यावरच्या लोकांना जे दिसलं ते एवढंच : न्हाव्याच्या गालावर रक्ताने भिजलेला टॉवेल, आणि त्याचा हात धरून ओढणारे मास्तर, गळ्याला कापड बांधलेलं, तोंडाला फेस. यावरून कोणी भांडणाचा तर्क केला, कोणी पिसाळलेल्या कुत्र्याचा. संध्याकाळपर्यंत मात्र सगळ्यांचं एकमत झालं. दाढी करता करता लोणीने स्वतःचाच गाल कापून घेतला. लोणीचा हात गेला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. जखम बघून त्यांनी विचारलं, “याला काय काय लावलंत?”

लोणीदादांनी सांगितलं.

“आणखी काही उरलं असेल दुकानात तर आत्ताच सांगा. सगळं धुऊन काढायचंय.”

त्यांनी सलाइनच्या पाण्याने जखम बराच वेळ धुतली, काचेचा कण राहिला नाही ना ते भिंगातून पाहिलं, बधिर करायचं इंजेक्शन दिलं, आणि काळ्या बारीक धाग्याने टाके घालायला घेतले. गाल बधिर झाला होता, डोळे नव्हते. बाजूच्या स्टीलच्या ट्रेमध्ये दिसेल तेवढं लोणीदादा बघत होते. परक्या कारागिराचं काम बघताना माणूस दुखणं विसरतो.

“बाई, हात चांगला आहे तुमचा.”

“बोलू नका. गाल हलतो.”

“फक्त दोऱ्याची टोकं जरा लांब ठेवलीत. बारीक केली असती तर...”

“मुद्दाम ठेवलीत. टाके काढताना मला धरायला काहीतरी लागेल ना?”

लोणीदादांना ते पटलं नव्हतं. कामाची टोकं बाहेर ठेवून गिऱ्हाइकाला घरी पाठवायचं हे त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं.

धनुर्वाताचं इंजेक्शन देता देता बाईंनी पथ्यं सांगितली. उद्यापर्यंत जखम कोरडी ठेवायची. मग स्वच्छ पाण्याने हळुवार धुवायची, टिपायची, घासायची नाही. वर मलमाचा पातळ हात, म्हणजे खपली कडक होणार नाही. उशी उंच घ्यायची. तुरटी नाही, झोंबरं पाणी नाही, तिथे वस्तरा नाही. पाचव्या दिवशी टाके काढायला यायचं.

“वण राहील का?” लोणीदादांनी विचारलं. हा एकच प्रश्न त्यांना दवाखान्यात शिरल्यापासून विचारायचा होता.

“राहील, पण सांभाळलंत तर बारीक रेघ राहील. वर्षभरात फिकट होते. नाही सांभाळलंत तर सगळ्या जगाला दिसेल.”

जगाची लोणीदादांना फिकीर नव्हती. त्यांना गल्लीची होती. चपलेला ठिगळ लावून फिरणारा चांभार चालतो, मोडक्या खुर्चीवर बसणारा सुतार चालतो. पण गालभर वण मिरवणाऱ्या न्हाव्यापुढे मान मागे टाकून गळा उघडा करायला कोण बसणार?

दुसऱ्या दिवसापासूनच त्याचं उत्तर मिळायला लागलं. दुकानात माणसं आली आणि मुबलक आली. बाकावर बसली, गाल वाकून वाकून पाहिला, हळहळली. खुर्चीत मात्र कोणी बसलं नाही.

“दादा, काचेने कापलं म्हणता?”

“फळी तुटली ना!”

“हो हो. तुटतात फळ्या,” माणूस समजूतदारपणे म्हणायचा आणि स्वतःच्या वाढलेल्या दाढीवरून हात फिरवत निघून जायचा. फळीची गोष्ट दादा जितक्या वेळा सांगत तितकी ती बनावट वाटू लागली. शेवटी त्यांना स्वतःलाच शंका यायला लागली.

“अहो, मास्तरांनी मोडली म्हणून सांगून टाका की,” मलम लावता लावता बायको म्हणाली. “त्यात काय चोरी आहे?”

“गिऱ्हाइकाचं डोकं हातात घ्यावं. त्याचं उणंदुणं तोंडात घेऊ नये.”

“वा! मग तुमचं तोंड फाटलं तरी चालेल. मान वर करा. मेलं मलम तरी नीट लावू द्या.”

जखमेवर काय काय लावायचं नाही ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पण मीठ सांगायचं राहून गेलं होतं. ते घेऊन मेहुणा आला. मेहुण्याचं सलून पलीकडच्या रस्त्यावर होतं. तिथे फिरत्या खुर्च्या होत्या, गाणी होती, आणि मेहुण्याचं न थांबणारं तोंड होतं.

“दाजी, काळजीच करू नका. तुमची सगळी गिऱ्हाइकं मी सांभाळतोय.”

“सांभाळायला ती काय अंगणवाडीतली पोरं आहेत?” दादांची बायको स्वयंपाकघरातून भावाला म्हणाली.

“ताई, अगं माणुसकी म्हणून! आज तर मास्तर आले होते माझ्याकडे.”

लोणीदादांनी गाल हलवायचा नव्हता, म्हणून काही हललं नाही.

“त्यांनी काही सांगितलं?” त्यांनी ओठांच्या फटीतून विचारलं.

“छे! एक अवाक्षर नाही. बसले, डोळे मिटले. तुमचं नाव काढलं तर म्हणे, पंखा वाढव.”

मेहुणा गेल्यावर दादा बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. फळी कशी मोडली हे बाकावरच्या माणसाला दिसलं नव्हतं, कारण तो वर्तमानपत्राच्या आड होता. म्हणजे साक्षीदार एकच उरला होता, आणि तो पलीकडच्या रस्त्यावर पंख्याखाली बसत होता.

टाके काढायच्या दिवशी सकाळी दादा घरातल्या आरशासमोर उभे राहिले. इतक्या दिवसांचे खुंट वाढले होते. स्वतःचं तोंड त्यांना एखाद्या न येणाऱ्या गिऱ्हाइकासारखं वाटलं. डावा गाल करायला हरकत नव्हती. तो केला. मग ओठांवरचं केलं. मग हनुवटी. उजव्या गालाच्या बाजूने, जखमेपासून बोटभर अंतर राखून वस्तरा फिरवला. काम चोख झालं. जरा मागे होऊन त्यांनी बघितलं. सगळं तोंड स्वच्छ, फक्त उजव्या गालावर राठ काळे केस राहिलेले, दोन दोनच्या जोडीने उभे.

हाताने बारीक कात्री उचलली. पहिली जोडी मुळापाशी धरली, कच्च. दुसरी, कच्च. हातामागे इतक्या वर्षांचं काम होतं, डोक्याला विचारायची त्याला गरज पडत नव्हती. खालच्या टोकाला एक केस जरा चिवट निघाला, म्हणून हाताने कात्रीचं टोक आणखी आत घातलं. तेव्हा झोंबलं. तेव्हा डोकं आलं.

“अगं,” दादा म्हणाले, “जरा इकडे ये.”

बायको आली. जखमेच्या खालच्या टोकाला चिमणीच्या चोचीएवढं तोंड उघडलं होतं. तिने आधी स्वच्छ फडकं दाबून धरलं, मग कपाळाला हात लावला.

“जित्याची खोड म्हणतात ती हीच. चला!”

डॉक्टरीणबाई भिंग घेऊन बराच वेळ गाल न्याहाळत होत्या.

“टोकं कुठायत?”

“केस वाटले,” लोणीदादा म्हणाले.

“मी काढताना धरू काय आता?”

टोकाशिवायचे टाके काढायला बाईंना दुप्पट वेळ लागला आणि प्रत्येक टाक्याला त्यांनी दादांकडे एकदा बघितलं. खालचा टाका गाठीसकट तुटला होता. आता तिथे पुन्हा शिवता येणार नाही, असं म्हणून त्यांनी कडा जुळवून चिकटपट्ट्या लावल्या.

“तेवढा भाग रुंद भरेल,” त्या म्हणाल्या. “बाकी रेघ बारीक. भरून आल्यावर उन्हात जाताना क्रीम लावा, नाहीतर काळी पडेल. आणि हात आवरा.”

“मी आवरतो. तोच ऐकत नाही.”

दादा दुकानात येऊन आपल्याच खुर्चीत बसले, कारण दुसरं कोणी बसायला नव्हतं. बाकावर नेहमीची मंडळी होती. आज गालावर पट्ट्या होत्या म्हणून पाहण्यासारखं जास्त होतं.

तेवढ्यात मास्तर आले. त्यांच्या काखेत एक लाकडी फळी होती, चांगली जाड, रंधा मारलेली. दाढी वाढलेली, आणि हनुवटीवर चामखिळीच्या जागी टाका. एकच टाका. त्याची दोन काळी टोकं मांजराच्या मिशांसारखी बाहेर आलेली.

“हे काय मास्तर?” बाकावरून कोणीतरी विचारलं.

“पलीकडे गेलो होतो पुन्हा. तुझा मेहुणा बोलत होता, लोणी. बोलता बोलता त्याने चामखीळ उडवली.”

“ते नाही, फळी कशाला?”

मास्तरांनी फळी ब्रॅकेटवर ठेवली आणि सगळा वर्ग ऐकतोय ना ते वळून पाहिलं.

“ज्याने मोडली त्याने आणून द्यायची असते. काचेवर मी रेललो. याचा गाल माझ्यामुळे फाटला, आणि मला सांगायची लाज वाटली. आता ही फळी हत्ती बसला तरी मोडणार नाही. कोणाला काही शंका?”

कोणाला नव्हती. वर्तमानपत्रवाल्याने उगाच पान उलटलं.

“ऊठ माझ्या जागेवरून,” मास्तर म्हणाले.

दादा उठले. मास्तर बसले, मान मागे टाकली, डोळे मिटले. आरशात दोन फाटकी तोंडं एकाखाली एक दिसत होती.

“डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?” दादांनी विचारलं.

“हनुवटीला हात लावू देऊ नका म्हणाल्या. बाकीचं कर. आणि न्हावी कोणता ते विचारून जरा हसल्या.”

“तुरटी लावली होतीत का?”

“तुझ्या मेहुण्याने लावली. मी दोन उड्या मारल्या.”

दादांनी फेस केला, हनुवटी सोडून लावला. वस्तरा उतरला, डाव्या गालावरून, उजव्या गालावरून, गळ्यावरून. मास्तरांना कळलंसुद्धा नाही. तोंड पुसून दादांनी जरा मागे होऊन बघितलं. सगळं स्वच्छ, फक्त हनुवटीवर दोन राठ काळी टोकं.

हात नव्या फळीवरच्या कात्रीकडे गेला.

मास्तरांनी एक डोळा उघडला. “लोणी.”

“दिसतंय मास्तर,” दादा म्हणाले, आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून खिशात घातला. “पुढचा कोण? या.”

बाकावर थोडी चुळबुळ झाली. मग वर्तमानपत्रवाल्याने पानाची घडी घातली, आपल्या खुंटांवरून एकदा हात फिरवला आणि उठला. फळीला हात न लावता, जपून खुर्चीत बसला.