चांगल्या माणसाचा रिपोर्ट

पाऊण तास झाला, ओसरीवर कुणी बोलत नव्हते. नऊ पुरुष बसले होते, पुढे नऊ कप होते आणि चहावर साय धरली होती. विषय सर्वांना ठाऊक होता. त्याचे नाव मात्र एकाच्याही तोंडून निघेना. मध्येच एकाने घसा खाकरला, तेव्हा उरलेल्या आठांनी आशेने त्याच्याकडे पाहिले. पण तो नुसताच खाकरला होता.

स्वयंपाकघराच्या दाराआड इंदिराबाई उभ्या होत्या. विषय त्यांचा होता. आंघोळ करताना डाव्या स्तनात बोटांना लागलेली, तुरीच्या दाण्याएवढी, मुळीच न दुखणारी गाठ. गावातल्या आशा सेविकेने, ऋतिकाने, आठ दिवसांपूर्वीच सांगितले होते, "काकू, बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण साधी आहे का, ते आपल्या हातानं ठरत नाही. जळगावला जाऊन तपासून घ्या. वाईट निघाली तरी एवढीशी असताना बरी होण्याची आशा मोठी असते. थांबू मात्र नका."

इंदिराबाईंनी हे नवऱ्याला सांगितले. शालिग्रामने थोरल्या भावाला सांगितले. थोरल्या भावाने, रुपचंदनानांनी, भाऊबंद बोलावले. रविवारी इंदिराबाईंच्या मुलीचा, डिंपलचा साखरपुडा होता, मुलाकडचे लोक धुळ्याचे. आणि रावेरकडची कोणती गोष्ट धुळ्यापर्यंत पोचू द्यायची, हे ठरवायला एका घराची अक्कल पुरत नाही.

"तं मंग," रुपचंदनाना अखेर बोलले, "त्या... त्या ठिकानचं काय करायचं?"

"कोन्या ठिकानचं?" कानाने अधू असलेल्या आबांनी मोठ्याने विचारले.

बाकीच्या आठांनी एकदम आपापला कप उचलला.

शेवटी नानांनीच वाट काढली. "रिपोर्ट काढू. नही काढला तं लोक म्हनतीन, लपवलं. पन रिपोर्ट चांगला पाहिजे. आन् चांगला पाहिजे, तं चांगलं मानूस पाठवा! आपली पुनम हाये ना. धडधाकट हाये. तिलेच पाठवा इंदिरेच्या नावानं."

हे ऐकून कुणी दचकले नाही. केळीचा व्यापारी बाग पाहायला आला की त्याला पुढच्या ओळीतले भरलेले घड दाखवायचे आणि बोलत बोलत तिथूनच चहाला वळवायचे, ही या घराण्याची तीन पिढ्यांची रीत होती. डॉक्टर हा त्यांच्या लेखी आणखी एक व्यापारीच. आबांनीही मान हलवली. आता त्यांना विषय नीट कळला होता.

पुनम ही इंदिराबाईंची धाकटी जाऊ, वय एक्केचाळीस. ती जावेचे आधार कार्ड घेऊन जळगावला गेली. कार्डावरच्या फोटोत इंदिराबाई स्वतःसारख्याही दिसत नव्हत्या, त्यामुळे तिथे अडचण आली नाही. संध्याकाळी ती परतली ती खुशीतच.

"अक्का, डाक्टरीनबाई भलती चांगली हाये! गाठ कोठे लागते म्हने. मी लय शोधली, मले काही सापडली नही. मंग मशीनवर फोटो काढला, सोनोग्राफी केली. हातानं कसं पाहायचं तेही शिकवलं. म्हने, पाहात जा, इंदिराबाई. मी म्हनलं, हो."

"आन् मह्या गाठीचं काय, वं?"

पुनमने रिपोर्ट पुढे केला. दवाखान्यात तेवढ्या वेळेपुरती तीच इंदिराबाई होती, आणि तिच्यापाशी गाठ नव्हती.

रिपोर्टचे लॅमिनेशन झाले. देव्हाऱ्यापाशी ठेवून त्याला हळदकुंकू वाहिले गेले. शेजारपाजारी पेढे गेले. त्यानंतर मात्र घराला असे काही झाले की इंदिराबाई भेदरल्या: घराने स्वतःच्याच थापेवर विश्वास ठेवला. भाऊबंद भेटले की म्हणत, "बरं झालं, वहिनी, सुटल्या तुम्ही!" ते खोटे बोलत नव्हते. रात्री शालिग्रामच्या डोळ्यांत पाणी आले. "मी लय भेलो होतो गं. आता तू बरी हायेस." त्या माणसाचा आनंद इतका निर्मळ होता की क्षणभर इंदिराबाईंनाच आपले शरीर खोटारडे वाटले. मग त्यांनी अंधारात हात नेला. दाणा होता. कागदाची बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली नव्हती.

शुक्रवारी सकाळी त्या ओसरीवर आल्या. पदर नीट घेतला आणि नाना, शालिग्राम व आबांसमोर, त्या ओसरीने कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाल्या, "मह्या स्तनात गाठ हाये."

आबांच्या हातातला अडकित्ता थांबला.

"रिपोर्ट आला ना नॉर्मल," शालिग्राम कळवळून म्हणाला.

"तो पुनमचा हाये. तुम्ही केळीच्या पानावर करप्याचा एक ठिपका दिसला तं त्याच दिवशी पान कापता. तवा बाजूच्याच्या बागेतलं पान आनून पाहता का?"

"पन इंदिरे," नाना दुखावल्या सुरात म्हणाले, "तुह्या नावाचा इतका चांगला कागद झाला! जायाचंच असीन तं पुनमच्या नावानं जा. जे निंघीन ते तिच्या नावानं निंघीन. तू आपली चांगलीच राहा."

"आन् उपचार कोनाले करतीन? तिले?"

नानांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "ते मंग भाऊबंद बोलावून पाहू," ते म्हणाले.

आतून पुनम बाहेर आली. आपल्या पर्समधून तिने इंदिराबाईंचे कार्ड काढले, जावेच्या हातावर ठेवले आणि हळूच म्हणाली, "डाक्टरीनबाईले मी खरं सांगून देईन, अक्का. तिथून फोन लावजा." नानांनी तिच्याकडे असे पाहिले, जणू पुढच्या ओळीतला घड आपल्या पायांनी चालत मागच्या ओळीत गेला होता.

इंदिराबाईंनी कार्ड मुठीत धरले, चपला घातल्या आणि ओट्याच्या तीन पायऱ्या उतरल्या. एसटीला वीस मिनिटे होती. उन्हात रस्त्याच्या दोन्ही बाजूंची केळीची पाने स्तब्ध उभी होती.

"अवं पन थांब ना!" शालिग्राम मागून ओरडला. "तिथं इंदिराबाई तं तपासून गेली! आता तू कोन म्हनून सांगशीन?"

त्या स्टँडच्या दिशेने चालू लागल्या.