साहेबांच्या तीन प्रती

माझ्या थोरल्या दिराचं नाव मी घेणार नाही. आमच्यात सुनेनं ते घ्यायचं नसतं, आणि खरं सांगायचं तर घ्यावंसंही वाटत नाही. बिश्केकला कुठल्याशा कचेरीत खुर्ची उबवतात, म्हणून मी त्यांना साहेब म्हणते. त्यांना तो मान वाटतो. वाटू दे बापडा.

गेल्या वर्षीच्या नवरोजला साहेब गावी आले ते काखोटीला लॅपटॉप मारूनच. म्हणे घरातल्या फोटोंचा नुसता उकिरडा झालाय, मी नीट लावून देतो. माझं मेमरी कार्ड घेतलं, माझ्या नवऱ्याचं, एर्मेकचं घेतलं, सायकाल मावशींचं घेतलं. फोनही सोडले नाहीत. आपा, म्हणजे आमची सासू, पोराच्या हुशारीवर इतकी खूश की त्याच्यासाठी मेंढरू कापायला लावलं.

साहेबांनी तोरवर बैठक मारली. दारासमोरच्या भिंतीलगत मानाची जागा असते, तो तोर. तिथं वडीलधाऱ्यांनी बसायचं, आणि साहेब तर जन्मल्यापासूनच वडीलधारे. फोटोही त्यांनी तसेच लावले. तोरवर बसलेल्यांचे आधी, मधल्यांचे नंतर, आणि दाराकडच्यांचे म्हणजे किरकोळ. किरकोळ ते पुसून टाकायचे, जागा अडवतात म्हणून. मग उरलेल्याच्या तीन प्रती केल्या: एक लॅपटॉपवर, एक डिस्कवर, एक इंटरनेटवर. आमची कार्डं धुऊनपुसून मोकळी करून परत दिली. आता घर जळालं तरी फोटो जळायचे नाहीत, असं ते जेवताना सांगत होते आणि आपा मान डोलावत होती.

आपा दाराशी बसली होती, चहाच्या समोवारजवळ. कायम तिथंच. आमच्याकडं पाहुण्याचा पेला भरत नाहीत. दोन घोट ओतायचे, पेला परत आला की पुन्हा दोन घोट. त्यानं बसावं, बोलावं, म्हणून. काठोकाठ भरला तर अर्थ सरळ आहे, पी आणि ऊठ. आपानं जन्मभर दोन दोन घोट ओतले. फोटो काढणारा बोलवायचा तेव्हाही हिची मान खालीच, हातात किटली.

शरद ऋतूत आपा गेली.

माणूस गेल्याच्या वर्षाच्या जेवणाआधी कबरीवर दगड उभा करायचा आणि त्यावर माणसाचा चेहरा कोरायचा, ही रीत. सासऱ्यांनी तेवढंच मागितलं होतं. त्यांना आता फार आठवत नाही. सकाळी उठून विचारतात, ती कुठं गेली. मी सांगते. मग म्हणतात, निदान तोंड तरी दाखवा तिचं. दगडावर दिसेल, असं मी रोज सांगायची.

तर आम्ही डिस्क लावली. काय सांगू तुम्हाला. काके, मामे, गावचा मुखिया, आणि साहेब. साहेब हाड चोखताना उजवीकडून, साहेब हाड चोखताना डावीकडून. आणि कडेनं फोटोत घुसलेला आपाचा हात, किटलीसकट. नुसता हात. दुसरी प्रत उघडली, तोच हात. तिसरीत तोच. काय जपणूक, वा रे वा.

"बाइके, आपा कुठंय?" एर्मेकनं विचारलं. थोरल्या भावाला आम्ही बाइके म्हणतो.

"अरे, सगळीकडे ती सारखीच दिसायची," साहेब म्हणाले. "काय काय ठेवायचं?"

माझा नवरा थोरल्या भावाला उलटून बोलत नाही. मेणाहून मऊ माणूस. आपाचा फोटोवाला पासपोर्ट मृत्यूच्या दाखल्यापायी सरकारात जमा झालेला. लग्नातला एक कागदी फोटो होता, त्यात ती ओढणीआडची पोरगी, नाकसुद्धा धड दिसत नाही. कार्डं शहरातल्या दुकानदाराकडं नेली, तो म्हणाला यावर दुसरं भरलंय, काही निघायचं नाही. शेजाऱ्यांकडं फोटो मागितले. त्यांनीही आपापले तोर पाठवले.

मग साहेबांचं डोकं चाललं. सायकाल मावशी आपाची धाकटी बहीण, चेहरा मिळताजुळता. तिला आपाचा रुमाल बांधा आणि काढा फोटो. मी म्हटलं, असं करू नका. मला उत्तर मिळालं की सुनांनी यात पडू नये. मावशी भाच्यापुढं रुमाल बांधून बसली.

"मी अजून जिवंत आहे रे," एवढंच ती म्हणाली.

दगड जेवणाच्या आदल्या दिवशी ट्रकमधून अंगणात उतरवला. कोरणाऱ्यानं काम झकास केलं होतं. साहेब म्हणाले, हुबेहूब आपा. सासऱ्यांना हाताला धरून मी पुढं आणलं. त्यांनी दगडावरच्या गालावरून बोट फिरवलं, वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"ही सायकाल," ते म्हणाले. "माझी बायको कुठंय?"

साहेब हसले. म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही, असं ट्रकवाल्याला म्हणाले. दगडासमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला. मावशी चुलीपाशी होती, तिनं सगळं ऐकलं. मला इतकी किळस आली की हात धुऊन आले.

दुसऱ्या दिवशी घोडं कापलं, अख्खा गाव जेवला. मांसानंतर चहा. आता दाराशी समोवारजवळ मी बसते. साहेब तोरवर, सासऱ्यांच्या शेजारी, पाहुण्यांना समजावत होते की फोटोंच्या तीन प्रती कशा करायच्या, लोकांना अक्कल कशी नसते. मी सगळ्यांना दोन दोन घोट ओतले. साहेबांचा पेला आला. तो मी भरला. काठापर्यंत भरला, आणि वर आणखी थोडा.

पेला दस्तरखानावरून, जेवणासाठी अंथरलेल्या कापडावरून, हातोहात वर निघाला. एर्मेकनं पाहिला, माझ्याकडं पाहिलं, आणि पुढं दिला. मुखियानं पुढं दिला. मावशीच्या नवऱ्यानं दोन्ही हातांनी धरून, थेंब न सांडता पुढं दिला. बोलणं थांबत गेलं. साहेब पेला घेऊन तसेच बसले, बोटांवर चहा ओघळत होता.

सासऱ्यांनी वाकून पेल्यात पाहिलं.

"पी," ते म्हणाले. "गार होईल."