पिशाचांच्या नावाने

माझी थोरली बहीण अरुषी, माझी अक्का, बांबू चिरून टोपल्या विणायची. राजाने पुरुषमेध, म्हणजे माणसांच्या बळीचा यज्ञ, मांडला तेव्हा प्रत्येक धंद्याचं एकेक माणूस यज्ञखांबाला बांधायचं ठरलं. आम्हा बुरुडांतून तिला नेलं.

"घाबरू नकोस," यज्ञ चालवणारे अध्वर्यू सौश्रवस म्हणाले. "कापायचं कुणालाच नाही. विस्तव भोवती फिरवला की सोडतो."

यमुनेच्या काठी सगळा गाव लोटला होता. एकेकाला बांधून तो कोणत्या देवाचा, ते पुरोहित मोठ्याने सांगत होते. नट गाण्याला दिला, रथ हाकणारा सूत नाचाला. अक्का पिशाचांच्या वाट्याला गेली. गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. मग पेटतं कोलीत सर्वांभोवती फिरलं, दोऱ्या सुटल्या, अग्नीत तूप पडलं. अक्का आपल्या पायांनी घरी आली आणि सातू कालवून जेवली.

"मनगटं तेवढी काचली," म्हणाली.

पण तिच्या टोपल्या कुणी घेईना. ती दिसली की तिची जाऊ तान्ह्याला उचलून आत पळे. "दिलेलं परत येतं होय? ती आता पिशाचांची," बाया कुजबुजत. तिचा नवरा कृशन म्हणाला, "लोकांची तोंडं बंद होईपर्यंत गोठ्यात झोप."

अक्का मला घेऊन तडक सौश्रवसांकडे गेली.

"आचार्य, बांधताना माझं नाव साऱ्या गावाला ऐकवलंत. सोडताना का नाही?"

"सोडण्याला मंत्र नाही, बाई."

"मग साध्या बोलीत सांगा. चव्हाट्यावर उभे राहा आणि म्हणा, अरुषी माणसांतली आहे."

माणूस वाईट नव्हता. "तसं म्हटलं तर राजा विचारेल, मग देवांना पोचलं काय?"

"म्हणजे खोटं कोणतं? बांधलंत ते की सोडलंत ते?"

त्यांनी आतून धान्य आणवलं. अक्काने त्याला हात लावला नाही.

त्याच आठवड्यात ती नदीपलीकडे गेली. कृशन अडवायला आला नाही. पुढे त्याने दुसरी केली. पलीकडे तिच्या हाताला काम मिळालं, तिच्या टोपल्या खपतात. कुठली म्हणून विचारलं तर ती आमच्या गावाचं नाव सांगत नाही. मी भेटायला गेले की दारातच हळूच बजावते, "इथे मला अक्का म्हणू नकोस हं. ओळखीची आहे, एवढंच सांग."