टाकाचं पाणी

दीपिकाचं एकच चुकलं. कॉलेजातल्या सरांकडून चित्र काढायला मागून आणलेला दगड तिनं घरच्या देवळीत ठेवला आणि परीक्षेसाठी परभणीला निघून गेली. देवळीतली वस्तू आईच्या, कोंडाबाईंच्या, नजरेतून सुटते थोडीच?

दगड स्पितीच्या डोंगरातला. त्यात पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातला एक किडा, ट्रायलोबाइट, अंगाचं मुटकुळं करून बसलेला. त्यांच्या राणीसावरगावच्या काळ्या दगडात असलं काही जन्मात सापडायचं नाही, म्हणून दीपिकाला त्याचं भारी कौतुक. आईला मात्र उठावाच्या बरगड्या दिसल्या आणि तिनं ठरवूनच टाकलं, हा कुणाच्या तरी देवघरातला टाक आहे. तिनं त्याला खंडोबाच्या चांदीच्या टाकाशेजारी बसवलं. रोज आंघोळ घालायची, हळद लावायची आणि ते पाणी तीर्थ म्हणून प्यायची.

आठ दिवसांनी दीपिका परतली, तर दारात मेंढरं उंबरा चाटत उभी. तिचे वडील मल्हारी त्यांना हाकलून दमले होते. आई उरलेलं तीर्थ उंबऱ्यावर शिंपडते, म्हणाले, आणि दिवसाला घागरभर पाणी पिऊनही तिची तहान भागत नाही. आईचे ओठ फुटले होते, त्यांवर पांढरी खार चढली होती.

तिनं तीर्थात बोट बुडवून चाखलं. खारट. गावच्या आडाचं पाणी तर चांगलं गोडं. मग तिनं दगड पाहिला. किडा आता पाठ ताणून सरळ पडला होता. परभणीला जाण्याआधी तिनं वहीत काढलेल्या चित्रात अजून मुटकुळंच होतं. डोळ्यांना भूल पडली म्हणावं, तर वहीला कशी पडेल?

“आई, हा देव न्हाई. मी उद्या परत नेते. हे पाणी आता पिऊ नको.”

“बसल्याला देव उठवत असतेत व्हय, बाई? त्यो मला बोलवायलाय. लय मोठं पाणी हाय म्हणतोय तिकडं.”

आईनं उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. दीपिकाला फार भीती वाटली.

सकाळी आई न्हाणीत गेलेली पाहून तिनं दगड उचलला. हाताला हलका लागला. किड्याच्या जागी नुसता ओला खळगा होता आणि शेजारचा तीर्थाचा तांब्या रिकामा. तिनं आईला हाक मारली, ओ आली नाही.

न्हाणीत आई गुडघे छातीशी घेऊन, अंगाचं मुटकुळं करून बसली होती. दीपिकानं तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गार आणि टणक होती, आणि बोटांना आडव्या बरगड्या लागत गेल्या, एकीखाली एक, संपेचनात.