मेलेल्या भाऊंना दिलेलं निवेदन

नागसेनच्या सिनेमातला नेता, म्हणजे 'भाऊ', ऐन निवडणुकीत मरतो. कार्यकर्ते त्याला हार घालून तसाच मंचावर बसवतात आणि मतदारांना काही फरक जाणवत नाही. अकोल्याकडच्या वादग्रस्त आमदारसाहेबांशी याचा काहीही संबंध नाही, हे नागसेननं सिनेमाच्या पोस्टरवर इतक्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, की अख्ख्या जिल्ह्याला तो संबंध कळला.

मेलेला भाऊ झाला होता पंजाबराव, अंजनगाव सुर्जीचा भाजीवाला. सभेचं शूटिंग बार्शीटाकळीजवळच्या एका वस्तीत झालं. मंच दिसला की आपल्याकडे निवेदनं निघतातच. शूटिंग आहे हे ठाऊक असूनही लोक रांगेनं आले, मेलेल्याच्या मांडीवर कागद ठेवून नमस्कार करून गेले. नागसेननं कॅमेरा थांबवला नाही. पंजाबरावनं डोळे उघडले नाहीत.

वर्षभरानं अकोल्यात पहिला खेळ ठरला. तीन सभागृहांनी अंग काढून घेतलं. चौथं मिळालं ते मंगल कार्यालय. हेही हातचं गेलं असतं, तर सिनेमा नागसेनच्या लॅपटॉपातच वारला असता. आणि नेमका दिवे मालवताना आमदारांचा कार्यकर्ता कुंदन पाचपंचवीस पोरं घेऊन दारात.

"बंद करा हे! आमच्या साहेबाचा अपमान करून राहिले तुमी."

तेवढ्यात पुढच्या रांगेतून त्या वस्तीतल्या दुर्गाबाई उठल्या.

"काहून बंद करतं रे? ह्या मानसानं आमच्या वस्तीत नळ आनला!"

"कोनं?"

"थो पाह्य, कोपऱ्यात बसला. मेलेला."

पंजाबराव लाजून चूर. "मी मेलो होतो हे खरं," तो पुटपुटला, "पन लोकाईचे कागद फेकू कसे? दर मंगळवारी तहसीलीत जाऊन उभा राहत होतो."

नागसेनला हे आजच कळत होतं.

"तुह्या साहेबाले तीन डाव कागद देल्ला," दुर्गाबाई म्हणाल्या. "थो जिता हाये. याले एकच डाव देल्ला."

पोरांपैकी कोणीतरी फिस्सकन हसलं. कुंदननं खुर्ची ओढली. "पाहू तर द्या, काय अपमान हाये थो."

खेळ पूर्ण झाला. शेवटी आभाराची पाटी आली, तेव्हा नागसेन उठला आणि तिच्यात नसलेली पंजाबराव आणि दुर्गाबाई ही दोन नावं त्यानं तोंडीच जोडली.

लोक पांगल्यावर कुंदन पंजाबरावपाशी घुटमळला. खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"दादा, आमच्या अकोटकडच्या रस्त्याचं होतं जरा..."

पंजाबराव खुर्चीत नीट बसला. सवयीनं डोळे मिटले आणि मांडी पुढं केली.