मी, तानाबाईची गोधडी

मी एक जुनी गोधडी आहे. माझ्या पोटात सारजाबाईंची दोन लुगडी आहेत, त्यांच्या नवऱ्याचे एक धोतर आहे आणि कुणाचे तरी फाटके उपरणे आहे. कुणाचे ते मलाही ठाऊक नाही. सारजाबाईंनी मला लेकीच्या, म्हणजे तानाबाईच्या, पहिल्या बाळंतपणासाठी शिवले. टाके इतके बारीक घातले की शेजारणी मुद्दाम हात फिरवून बघत. मित्रांनो, तेव्हा मी भलतीच तोऱ्यात होते. बाळ माझ्यावर लोळणार, माझ्यावर दूध सांडणार, असे मी मनाशी ठरवूनच टाकले होते.

तसे काही झाले नाही. तानाबाई फार अडली आणि बाळ हाती लागले नाही. ती कशीबशी वाचली. पण तेव्हापासून तिला लघवी आवरेना. उठता, बसता, निजता थेंब थेंब गळत राही. बाळाऐवजी मी तिच्याच वाट्याला आले.

तिचे सासर चाकणजवळच्या एका गावात. नवरा बन्सी पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर जाई. घरात सासू गोजाबाई. वासाची लाज वाटून तानाबाई आपणहून गोठ्यात निजू लागली. पहाटे ती मला काखोटीला मारून भामा नदीवर नेई, कुणी यायच्या आत धुई आणि गोठ्यामागच्या काटेरी कुंपणावर वाळत टाकी. पुढच्या अंगणातले ऊन माझ्या नशिबी नव्हते. बायका काहीबाही बोलत. कुणी म्हणे, आळशी आहे, उठायचा कंटाळा. कुणी म्हणे, कुणाचा तरी शाप भोवला. भावकीतली माणसे तर बन्सीला दुसरी बायको बघ म्हणू लागली. बन्सी नाही म्हणत नव्हता आणि हो म्हणत नव्हता. मला त्याचा फार राग येई.

गोजाबाई तशी मायेची. पण तिने एक उपाय शोधून काढला. तिने सुनेचे पाणी तोडले. "पानीच न्हाई पोटात गेलं, तर गळंल कुठनं?" असे म्हणून ती सुनेला जेवताना दोन घोट देई आणि तांब्या आपल्याजवळ ठेवी. त्यात दुष्टावा नव्हता, सून घरात राहावी एवढीच तळमळ होती. तानाबाईचे ओठ फुटले. गळती थांबली नाहीच, उलट लघवी इतकी जळजळीत झाली की तिच्या मांड्यांची कातडी सोलवटली. तिच्याखाली मी होते, म्हणून मला ते कळत होते. पण गोधडीला बोलता कुठे येते!

शेवटी तापाने फणफणलेल्या सुनेला गोजाबाईने बैलगाडीत घातले आणि चिंचवडला कुसुमताई डॉक्टरांकडे नेले. दवाखान्याची गादी भिजेल म्हणून तानाबाई टेबलावर चढेना. "तुझी गोधडी घाल की मग," कुसुमताई म्हणाल्या. अशी मी त्या टेबलावर गेले. त्यांनी बारीक नळीने तिच्या मूत्राशयात निळ्या औषधाचे पाणी सोडले. ते तिथेच राहायला हवे होते. पण नको त्या वाटेने बाहेर आले आणि माझ्यावर निळा डाग पडला.

"हे बघा आजी," कुसुमताई म्हणाल्या, "बाळंतपणात लघवीच्या पिशवीला भोक पडलंय. हा शाप नाही की आळस नाही. फाटलंय, आणि ते शिवता येतं."

गोजाबाईने माझ्या टाक्यांवरून बोट फिरवले. "फाटल्यालं शिवत्यात, हे आमाला ठावं हाय. मंग शिवा की!"

"पुण्याला शिवतील. पण आधी कातडी बरी होऊ दे. आणि पाणी तोडू नका, भरपूर पाजा. पाणी कमी पडलं म्हणून तर ही अशी पोळली."

गोजाबाईने सुनेचे डोके छातीशी धरले. "आगं माझ्या लेकी," एवढेच ती म्हणाली.

कातडी बरी झाल्यावर पुण्याच्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. ती मी पाहिली नाही, खोटे कशाला सांगू? मी बाहेर व्हरांड्यात गोजाबाईखाली होते. बन्सी खांबाला टेकून उभा होता. "आये, दुसरीचं कुणी काढलं तर मी आता गप बसायचा न्हाई," तो म्हणाला. माझा राग थोडा उतरला.

पुढे बरेच दिवस तिला लघवीसाठी नळी लावलेली होती. ती काढली त्या दुपारी गोजाबाईने परिचारिकेची नजर चुकवून मला तानाबाईखाली सरकवले. तानाबाई लाकडासारखी ताठ पडून होती. मग तिला झोप लागली. मी थेंबाची वाट पाहत होते. दुसरे काही मला माहीतच नव्हते.

ती जागी झाली, पण हात लावायचा धीर होईना. गोजाबाईनेच हात घातला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपले, मग वाकून मला गाल लावला.

"कोरडी हाय गं."

तानाबाईने स्वतः चाचपून पाहिले. मग म्हणाली, "आत्याबाई, तान लागलीया. तांब्या भरून द्या."

गोजाबाईने तांब्या काठोकाठ भरून इतक्या घाईने पुढे केला की निम्मे पाणी माझ्यावरच सांडले. मित्रांनो, त्या दिवशी मी भिजले ती तेवढीच.

आता मी विरले आहे, माझे टाके उसवू लागले आहेत. तुमच्याकडे एकच मागणे आहे. घरात कुणाचे अंथरूण ओले झाले तर नाक मुरडू नका, त्याला गोठ्यात जाऊ देऊ नका. त्याला डॉक्टरांकडे न्या. आणि कितीही मायेने का होईना, तहानलेल्या माणसाच्या हातातला तांब्या काढून घेऊ नका.